चाविनचे शंख

पेरूमधील अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरहून अधिक उंचीवर, चाविन दे वांतार हे सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचे देवस्थान आहे. २००१ मध्ये तेथील एका भुयारी दालनात २० शंख सापडले. स्थानिक भाषेत त्यांना पुतुतू म्हणतात. या जातीचे शंख इक्वेडोरलगतच्या उबदार समुद्रातले. तिथून ते एवढ्या डोंगरावर आणले गेले, हेच विलक्षण! शेंडा कापून फुंकण्यासाठी छिद्र केलेले, वर नक्षी कोरलेली. हाताळून हाताळून ती नक्षी जागोजागी झिजली आहे; म्हणजे हे शंख नुसते शोभेचे नव्हते. अरुंद दगडी बोळांत त्यांचा नाद असा घुमतो की तो कुठून येतो ते उमगत नाही. अंधारात लांझोन या दगडी देवमूर्तीपुढे उभ्या भक्ताला तो देवाचाच स्वर वाटत असावा. यांपैकी अनेक शंख आजही वाजतात.