गिर्यारोहकाचें अंथरूण

डोंगर चढणारा मनुष्य पांघरुणाची चिंता फार वाहतो. अंथरुणाची मात्र मुळींच वाहत नाहीं. पौषांतल्या रात्रीं हरिश्चंद्रगडाच्या कातळावर पाठ टेकली, कीं ही चूक त्याच्या ध्यानांत येते. गड १४२४ मीटर उंच. दिवसा तापलेला दगड रात्रीं गार पडतो, आणि मग पहाटेपर्यंत निजणाऱ्याच्या अंगांतील ऊब शोषून घेत राहतो. स्लीपिंग बॅग कितीहि जाड असली, तरी तिचा पाठीखालचा भाग देहाच्या भारानें चेपतो. ऊब राखतात तीं पिसें नव्हेत, तर पिसांत कोंडलेली हवा. आणि चेपलेल्या पिसांत हवा उरणार कोठून? रात्रभर कुडकुडलेला मनुष्य सकाळीं साधले घाट उतरूं लागला म्हणजे त्याचे गुडघे कांपतात, आणि तेथें पाय घसरून चालत नाहीं.

धनगराच्या घोंगडीला हें मर्म पूर्वींपासून ठाऊक आहे. परंतु घोंगडी जड, आणि भिजली म्हणजे अधिकच जड.

तिची जागा आज बहुधा कॅरीमॅटनें घेतली आहे. ह्या फोमांतील बारीक बुडबुडे एकमेकांपासून तुटलेले असतात. म्हणून त्यांत पाणी शिरत नाहीं आणि हवाहि हलत नाहीं. वजन तीनचारशें ग्रॅम, किंमत बेताची, आणि करवंदीचा कांटा रुतला तरी कांहीं बिघडत नाहीं. दोष एवढाच, कीं जाडी बोटभर असल्यामुळें कुशीवर निजणाऱ्याचें कंबरेचें हाड दगडाशीं बोलूं लागतें.

त्यावर तोड म्हणून फुगवण्याची गादी आली. १९७२ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें विमानाच्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनीं झडप उघडतांच फोम फुलून स्वतःच हवा ओढून घेणारी गादी तयार केली. अलीकडील कांहीं गाद्या पांच ते आठ सेंटिमीटर जाड असूनहि अर्ध्या किलोच्या आंत भरतात. मात्र नुसतीच हवा भरलेल्या पोकळ गादीवर विसंबूं नये. तिच्यांतील हवा खेळती राहून ऊब खालीं पोहोंचवते. भोंक पडलें तर उरतें तें फडकें. म्हणून ठिगळ आणि डिंक जवळ असावाच.

दुकानांत ‘आर’ हा आंकडा पाहावा. तो उष्णतेस होणारा विरोध दाखवितो, आणि २०१८ पासून तो मोजण्याची एक प्रमाणित रीत ठरली आहे. साध्या फोमचा आंकडा दोनच्या आसपास असतो. सह्याद्रीस तेवढा बहुधा पुरतो. हिमालयांत बर्फावर निजावयाचें तर चार-पांच हवा. दोन गाद्या एकीवर एक घातल्यास आंकड्यांची बेरीज होते. म्हणून अनुभवी लोक खालीं फोम आणि वर हवेची गादी घेतात.

वजनाचा फारच धाक असेल, तर फोम गुडघ्यापर्यंतच ठेवून कापावा, आणि पायांखालीं रिकामी पाठपिशवी घ्यावी. आणि पैसे मोजण्यापूर्वीं दुकानाच्या फरशीवर गादी पसरून कुशीवर पांच मिनिटें निजून पाहावें; दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा.