पाठांतराला चकविणारा खेळ

यशस्वी कृतीचा उत्तरार्ध रचणें हें मोठें अवघड काम. पूर्वार्धाची कीर्ति त्याच्या मानगुटीवर बसलेली असते आणि बहुधा तो फिकाच पडतो. या नियमाला एक मनोरंजक अपवाद संगणकी खेळांच्या इतिहासांत सांपडतो. मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्या वडील मंडळींनीं तो जाणून घ्यावा, इतका तो बोधप्रद आहे. त्या खेळाचें नांव ‘मिझ पॅकमॅन’.

प्रथम पूर्वार्ध पाहूं. इ. स. १९८० मध्यें जपानांतील नामको कंपनीनें ‘पॅकमॅन’ हा खेळ काढला. त्याचा कर्ता तोरू इवातानी त्या वेळीं अवघा पंचवीस वर्षांचा होता. खेळगृहांतील बहुतेक खेळ तेव्हां मारामारीचे असत. स्त्रियांनाही गोडी वाटावी म्हणून इवातानीनें खाणें हा विषय निवडला. पडद्यावर एक चक्रव्यूह. त्यांत एक पिवळें, वाटोळें पात्र ठिपके खात फिरतें आणि चार रंगांचीं चार भुतें त्याच्या मागें लागतात. मोठा ठिपका खाल्ला कीं घटकाभर पारडें फिरतें आणि भक्ष्यच भक्षक बनतें.

प्रत्येक भुताचा स्वभाव निराळा. तांबडें थेट पाठलाग करतें. गुलाबी पुढच्या जागेवर नेम धरून वाट अडवितें. परंतु हे स्वभाव ठरीव नियमांनीं जखडलेले होते. खेळणारानें तींच वळणें त्याच क्षणीं घेतलीं, तर भुतेंही दर वेळीं त्याच वाटेनें येत. मग काय विचारतां! चतुर खेळाडूंनीं वाटा पाठ केल्या, त्यांचीं पुस्तकेंही छापून निघालीं. अर्थ न कळतां रूपावलि घडाघडा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें, भुतांकडे न पाहतांही डाव जिंकतां येऊं लागला.

आतां अमेरिकेकडे वळूं. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील एम्. आय्. टी. या विख्यात विद्यापीठाचे डग मॅक्रे आणि केव्हिन करन हे विद्यार्थी वसतिगृहांत पैसे टाकून खेळावयाचीं यंत्रें ठेवीत. खेळ जुना झाला कीं उत्पन्न घटतें, हें त्यांच्या लवकरच ध्यानांत आलें. नवें यंत्र घेणें महाग. म्हणून १९८१ सालीं त्यांनीं जुन्या यंत्रांतच बसविण्याजोगा एक जोडभाग तयार केला आणि अटारी कंपनीच्या ‘मिसाइल कमांड’ला नवें, अधिक कठीण रूप दिलें. अटारीनें दावा लावला. परंतु अखेर तडजोड होऊन फिर्यादीनेंच प्रतिवादींना आपल्यासाठीं खेळ रचण्याचें काम दिलें! मात्र मूळ निर्मात्याच्या संमतीवांचून असे जोडभाग विकणार नाहीं, हें या तरुणांना कबूल करावें लागलें.

त्यांच्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनमध्यें त्या वेळीं पॅकमॅनचाही एक जोडभाग सिद्ध होत होता. अट पाळावयाची म्हणून ते तो घेऊन अमेरिकेंत पॅकमॅन बनविणाऱ्या मिडवे कंपनीकडे गेले. मिडवेनें तो पसंत केला आणि नायकाच्या जागीं नायिका आली. नांवाची गंमत ऐकण्यासारखी आहे. आधीं ‘मिस’, म्हणजे कुमारी, असें ठरत होतें. परंतु मधल्या एका प्रवेशांत या दांपत्याला मूल होतें, हें कोणीतरी लक्षांत आणून दिलें! तेव्हां विवाहित कीं अविवाहित याचा बोध न करणारें ‘मिझ’ हें उपपद योजिलें.

१९८२ च्या आरंभीं हा खेळ बाहेर पडला. एका चक्रव्यूहाच्या जागीं चार आले. एका ठिकाणीं स्वस्थ बसणारीं फळें आतां वाटांतून हिंडूं लागलीं. आणि मुख्य म्हणजे, भुतांच्या चालींत अनिश्चितता शिरली. पाठ केलेल्या वाटा निरुपयोगी ठरल्या. प्रत्येक क्षणीं डोळे उघडे ठेवून, भुतांचा स्वभाव ओळखून निर्णय घेणें भाग पडलें. खेळ कठीण झाला, म्हणून लोक त्याला कंटाळले काय? मुळींच नाहीं. एक लाखाहून अधिक यंत्रें खपलीं.

या खेळाची कसोटी पुढें यंत्रांनाही लागली. २०१७ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या मालुबा या संशोधनसंस्थेनें कृत्रिम बुद्धीकरवीं त्याच्या घरगुती आवृत्तींत ९,९९,९९० हे सर्वोच्च गुण मिळविले. त्यासाठीं दीडशेहून अधिक लहान घटक योजिले होते. कोणी एक ठिपका सांभाळी, तर कोणी एक भूत. सर्वांचें ऐकून अंतिम निर्णय एक मुख्य घटक घेई. आपल्या एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषाची आठवण वाचकांस येथें झाल्यावांचून राहणार नाहीं.

२०२२ मध्यें अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयानें या खेळाला आपल्या सन्मानमंदिरांत स्थान दिलें. मात्र तिच्या हक्कांविषयीं त्याआधींच वाद उपस्थित झाला होता. त्याच वर्षीं ‘पॅक-लँड’ या जुन्या खेळाची आवृत्ति निघाली, तींत तिच्या जागीं दुसरेंच पात्र आलें. जिचा गौरव झाला, तिलाच घरच्या चित्रांतून वगळलें गेलें!

हक्कांचा निवाडा कायदेपंडित करोत. शिक्षकाला यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पाठांतर हें विद्येचें जोतें आहे. तें भक्कम असावेंच. परंतु जोत्यावरच जन्मभर बसून राहतां येत नाहीं. मुलांना एकदां पाठ झालेला प्रश्न थोडा फिरवून घालावा, गणितांतील आंकडे नव्हे तर मांडणी बदलावी, व्याकरणाचा नियम अनोळखी वाक्यांत ओळखावयास लावावा. प्रथम तीं गोंधळतील. परंतु खरी गोडी तेथूनच लागेल. संसारांतील संकटें नेहमीं ओळखीच्याच वाटेनें येत नाहींत.