ग्रामगौरव: एका साक्षरता-मोहिमेची सांगता

महाराष्ट्र राज्य अद्याप अस्तित्वात यावयाचे होते तेव्हा, म्हणजे १९५९ साली, तत्कालीन मुंबई राज्याच्या सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. तिचा उल्लेख शिक्षणाच्या इतिहासात येतो तो बहुधा साक्षर झालेल्यांच्या आकड्यांसाठी. परंतु माझ्या मते तिचे खरे वैशिष्ट्य गावोगाव ज्या समारंभाने तिची सांगता होत असे, त्या ग्रामगौरव समारंभात आहे.

ही मोहीम नेमकी साताऱ्यात उगवली, हे आश्चर्याचे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केल्यापासून, शिक्षण हे बहुजनांच्या श्रमावर व वर्गणीवर उभे राहू शकते, हा विश्वास या जिल्ह्याच्या अंगवळणी पडला होता. कर्मवीरांचे निधनही १९५९ च्या मे महिन्यातच झाले. राज्यात मात्र १९६१ च्या जनगणनेतदेखील दर शंभरांत साक्षर होते ते जेमतेम तीस. अशा परिस्थितीत सरकारी तिजोरीवर भिस्त न ठेवता गावानेच गाव शिकवावे, प्राथमिक शिक्षकाने दिवसाची शाळा आटोपून रात्री प्रौढांचा वर्ग घ्यावा, शिकलेल्या तरुणांनी व वरच्या वर्गातील मुलांनी त्याच्या हाताखाली राबावे, आणि या कामाबद्दल कोणी मानधन मागू नये, अशी योजनेची मांडणी होती. चौदा ते पन्नास वयाच्या स्त्रीपुरुषांना काही महिन्यांत वाचणे, लिहिणे आणि साधा हिशेब शिकवावयाचा, हे उद्दिष्ट.

दिवसभर कुळवाच्या मागे चाललेला किंवा खुरपणीला वाकलेला देह रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीवर ओणवा होई, तेव्हा नांगराच्या रुमण्यास सरावलेल्या बोटांना पेन्सिलीचे ओझे वाटे. आणि तलाठ्याच्या दप्तरात, सोसायटीच्या कर्जखतावर, पोस्टाच्या पावतीवर आजवर अंगठा उठविणाऱ्याला आपल्याच नावातील काना आणि वेलांटी जागच्या जागी बसविण्यास कित्येक रात्री लागत. या संथ, कष्टाच्या कामाचे मोल ज्यांनी जाणले, त्यांनाच त्याचा उत्सव कसा असावा हेही उमगले असले पाहिजे.

कारण उत्सव साजरा होई तो व्यक्तींचा नव्हे, गावाचा. शिक्षणखात्याच्या अंमलदारांनी परीक्षा घेऊन गाव साक्षर झाल्याचा निर्वाळा दिल्यावरच समारंभ ठरे. त्यामुळे कडेच्या वस्तीवरील एखादी म्हातारी होत आलेली बाई अक्षरे गिरवावयाची राहिली, तर ती चिंता तिच्या घरापुरती न उरता सबंध गावाची होई. गाव एखाद्या सणासारखे सजे. आणि त्या आनंदातच, मिळालेली अक्षरे विसरणार नाही व मुलांना शाळेत पाठवू, अशा आशयाची प्रतिज्ञा घेतली जाई. झालेल्या कामाची कबुली व पुढील कामाची बांधिलकी एकाच मांडवात, सर्वांच्या साक्षीने दिली जाणे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या शाळांतील वार्षिक संमेलनांत पाहुण्यांची भाषणे होतात, बक्षिसे वाटली जातात, पण ज्या अनेकांच्या हातांनी वर्ष पार पडले, त्यांना एकमेकांचे ऋण मान्य करण्यास बहुधा अवसरच मिळत नाही.

या मोहिमेचे वैगुण्यही सांगितले पाहिजे. समारंभ झाला आणि वाचावयास पुस्तक नाही, लिहावयास प्रसंग नाही, रात्रीचा वर्गही बंद, अशी स्थिती जेथे आली, तेथे नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले. फिरती वाचनालये व पुढील वर्ग यांची कल्पना होती. पण तिला पुरेसे बळ मिळाले नाही. प्रतिज्ञा घेणारे लोक खोटे नव्हते. ती पाळण्याची साधने त्यांच्या हाती कोणी दिली नाहीत.

आज २०२२ पासून केंद्र सरकारचा उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना विनामोबदला शिकविणारे स्वयंसेवक त्याचा आधार आहेत, आणि चाचणी उत्तीर्ण झालेल्यास प्रमाणपत्र मिळते. ते प्रमाणपत्र घरपोच पाठवून किंवा शाळेच्या कचेरीत सही घेऊन हाती ठेवून काम निकालात काढू नये. ग्रामसभा बोलवावी, शिकणारे आणि शिकविणारे यांना शेजारी शेजारी बसवावे, आणि त्याच दिवशी गावातील वाचनालयाचे कपाट उघडून प्रत्येक नवसाक्षराच्या नावे पहिले पुस्तक नोंदवहीत चढवावे. ज्या गावांत पूर्वी ग्रामगौरव झाला, तेथील शिक्षकांनी तो समारंभ पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी आताच लिहून घ्याव्यात. त्या वेळी वीस वर्षांचे असलेले आज ऐंशीच्या पुढे आहेत.