अर्ध्या आण्याने बाजार जवळ आणला

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, वसईच्या पूर्वेस, चिंचोटी येथे कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता फुटतो. मालाच्या गाड्यांची येथे सतत ये-जा असते. पण गाडी निघण्याआधी भाव ठरावा लागतो, पैशांची खात्री पटावी लागते. आज हे काम फोनवर होते. मुंबई शहर वाढत होते त्या काळी बाजाराची खबर कशी पोहोचत असे आणि ती कोणाच्या हाती पडत असे, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी जाणून घेण्यासारखे आहे.

ईस्ट इंडिया कंपनीची मुंबईतील टपाल व्यवस्था १६८८ पासूनची. ती मुख्यतः कंपनीच्याच कामासाठी होती. १७९४ मध्ये मुंबईत जनरल पोस्ट ऑफिस स्थापन झाले. जमिनीवरचे टपाल हरकारे पायी नेत; ठरलेल्या टप्प्यावर थैली पुढच्या हरकाऱ्याच्या हाती जाई. विलायतेचे टपाल आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने प्रवास करी. २० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही आगबोट टपाल घेऊन मुंबईहून सुएझला निघाली आणि ३२ दिवसांत पोहोचली.

तरीही सामान्य माणसाला टपाल परवडणारे नव्हते. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात पत्रे नेण्याचा मक्ता सरकारकडे गेला. दर अंतरावर ठरत. कलकत्त्याहून मुंबईला येणाऱ्या एक तोळा वजनाच्या पत्रास एक रुपया पडे. बड्या पेढीवाल्याला हा खर्च जड नव्हता. मागावर बसणाऱ्या कारागिराला तो झेपणे अशक्यच. ज्याच्याकडे पत्र येई, त्यालाच दूरच्या बाजाराचा भाव कळे. बाकीच्यांना दलाल सांगेल तो भाव मान्य करावा लागे.

ही स्थिती १८५४ मध्ये पालटली. १ ऑक्टोबरपासून देशभर टपाल तिकिटे लागू झाली आणि अंतराचा हिशेब संपला. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, एक तोळ्यास दोन आणे. मग पत्र ठाण्याला जावो की कलकत्त्याला. म्हणजे सोळा आण्यांचे काम दोन आण्यांत होऊ लागले. रेल्वेने वेगही दिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली होती. १८६४ मध्ये सुरतेकडील लोहमार्ग वसईवरून ग्रँट रोडपर्यंत पोहोचला.

खबर स्वस्त झाली, पण पैशांचा प्रश्न उरला होता. अनोळखी गिऱ्हाइकाला माल पाठवावा कसा? १८७७ मध्ये व्ही. पी. पद्धत आली. पोस्टमन माल देताना किंमत वसूल करी आणि ती रक्कम टपाल खात्यामार्फत विक्रेत्याला मिळे. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले. १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू झाली. दूर शहरात राबणाऱ्या कारागिराची कमाई त्याच्या गावी घरपोच जाऊ लागली.

मुंबईतील आजची जी.पी.ओ. इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. जॉन बेग यांनी तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला. आमच्या मते मात्र टपालाची खरी थोरवी एका दराच्या त्या नियमात आहे. बडा सावकार आणि साधा विणकर एकाच खिडकीशी उभे राहून तेच तिकीट घेऊ लागले.

आजही हा धडा जुना झालेला नाही. २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तेथे लहान उत्पादकाला परदेशी पार्सलची कागदपत्रे आणि नोंदणी एकाच जागी करता येते. आमच्या कारागीर बांधवांनी जवळच्या मोठ्या टपाल कचेरीत जाऊन याची चौकशी अवश्य करावी. ज्याला बाजाराची खबर स्वतः मिळवता येते आणि माल स्वतः पाठवता येतो, त्याच्या मेहनतीचा भाव दुसरा कोणी ठरवू शकत नाही.