कॅबोटाज म्हणजे काय? मुंबईचा माल कोचीला न्यायला परदेशी जहाजाला परवानगी का लागते?

समजा, एका परदेशी जहाजाने दुबईहून आणलेला माल न्हावाशेवा बंदरात उतरवला. पुढे त्याला कोचीला जायचं आहे आणि जहाजात जागा रिकामी आहे. मग जाता जाता इथलं पोलाद भरून कोचीला उतरवता येईल का?

परवान्याशिवाय नाही. कारण ही वाहतूक 'कॅबोटाज'मध्ये मोडते.

शब्दाचा अर्थ

एकाच देशाच्या दोन बंदरांमध्ये होणारी माल किंवा प्रवासी वाहतूक म्हणजे कॅबोटाज. शब्द फ्रेंच आहे. त्यामागचं क्रियापद 'किनाऱ्याकिनाऱ्याने जहाज नेणे' या अर्थाचं आहे.

अंतर किती आहे, याचा इथे संबंध नाही. मुंबई ते रत्नागिरी हे कॅबोटाज आणि मुंबई ते कोलकाताही कॅबोटाजच. मुंबई ते कोलंबो मात्र नाही, कारण श्रीलंका वेगळा देश आहे.

बातमीत वाचताना गोंधळ का होतो?

कारण हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक, ही वाहतूक. दुसरा, ती करण्याचा हक्क. 'भारताने कॅबोटाजचे नियम शिथिल केले' याचा अर्थ परदेशी जहाजांना देशांतर्गत फेऱ्यांची मोकळीक मिळाली. 'नियम कडक केले' म्हणजे ते काम स्वदेशी जहाजांसाठी राखलं.

भारतात काय नियम आहे?

१९१९ मध्ये मुंबईत सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी सुरू झाली, तेव्हा भारताच्या किनाऱ्यावर ब्रिटिश कंपन्यांचा दबदबा होता. भाडं पाडून त्या देशी कंपन्यांना जेरीस आणत. म्हणून वालचंद हिराचंद यांच्यासारख्या उद्योजकांनी किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याची मागणी लावून धरली.

स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने परदेशी जहाजांना या वाहतुकीसाठी नौवहन महासंचालकांचा परवाना बंधनकारक झाला. २०२५ मध्ये किनारी वाहतुकीसाठी वेगळा कायदा आला. परदेशी जहाजांसाठी परवान्याची अट त्यातही आहे.

मग २०१८ मध्ये सूट का दिली?

भारताचे अनेक कंटेनर कोलंबोसारख्या परदेशी बंदरात मोठ्या जहाजावर चढवले जातात. त्याचा धंदा त्या बंदराला मिळतो. हे काम भारतीय बंदरांत व्हावं, यासाठी मे २०१८ मध्ये आयात-निर्यातीचे आणि रिकामे कंटेनर नेणाऱ्या परदेशी जहाजांना परवान्यातून सूट मिळाली.

इथेच खरा वाद आहे. जहाजं वाढली तर भाडं कमी होतं, व्यापाऱ्याचा फायदा होतो. पण भारतीय जहाजमालकांचं म्हणणं असं की, परदेशी स्पर्धकांवर कराचा बोजा कमी असतो, मग आपण टिकायचं कसं? देशी जहाजं कमी झाली, तर खलाशांच्या नोकऱ्या जातात आणि युद्धासारख्या संकटात परक्यांवर विसंबावं लागतं.

अमेरिकेत १९२० च्या जोन्स कायद्यानुसार देशांतर्गत सागरी मालवाहतुकीला अमेरिकेतच बांधलेलं जहाज लागतं. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर मदत लवकर पोहोचावी म्हणून प्वेर्तो रिकोसाठी हा नियम १० दिवस स्थगित करावा लागला होता.

फक्त जहाजांपुरतंच?

नाही. विमानांनाही हा शब्द लागू होतो. परदेशी विमान कंपनी मुंबई-दिल्ली प्रवासाचं वेगळं तिकीट विकू शकत नाही, त्याचं कारणही कॅबोटाजच.