थोटूक कुठं जातं?

वीकएंडला ताडोबा! नागपूरहून गाडी काढली आणि थेट मोहर्ली गाठलं. सफारी दुपारची होती. मग गेटबाहेरच्या टपरीवर एक कटिंग, एक सिगरेट. थोटूक बुटाखाली चिरडलं. आपल्या मते विषय संपला.

सोबतच्या गाईडनं वाकून ते उचललं. "साहेब, बिडीचं पान एका पावसाळ्यात मातीत जाते. तुमचं हे पुढच्या सालीही इथंच सापडते."

मी आजवर समजत होतो, फिल्टर म्हणजे कापूस. कसला कापूस! ते सेल्युलोज ॲसिटेट, म्हणजे चक्क प्लास्टिक. लाकडाच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेले बारीक धागे. एका फिल्टरमध्ये सुमारे १२ हजार. नुसतं सेल्युलोज जिवाणू आरामात फस्त करतात. पण इथं त्याला ॲसिटिल गट चिकटलेले असतात. ते आधी सुटले, तरच जिवाणूंची डाळ शिजते. चंद्रपूरच्या उन्हात धाग्यांचे तुकडे पडतीलही, पण तुकडे होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. इटलीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेला हिशेब बघा: दोन वर्षांनंतरही थोटकांचं वजन ४० टक्केसुद्धा घटलं नव्हतं.

बरं, फिल्टर रिकामा नसतोच. धुरातलं निकोटिन, जड धातू त्यातच अडकलेले. २०११ च्या एका अमेरिकन प्रयोगात लिटरभर पाण्याला साधारण एक थोटूक या प्रमाणात चार दिवसांत निम्मे मासे मेले. आणि आम्ही दुपारी तलावाकाठी वाघिणीची वाट बघत बसलेलो!

बिडी तब्येतीला बरी, असा गैरसमज नको. पण तिचं पान इथलंच. एप्रिल-मे आला की गडचिरोलीत घरंच्या घरं तेंदू तोडायला पहाटे जंगलात. अनेक ग्रामसभा लिलावही स्वतःच करतात. अर्थात टपरीवरचा खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत घोटला जातो, तेव्हा इथंही सगळं आलबेल नाही.

गंमत म्हणजे १ जुलै २०२२ च्या प्लास्टिकबंदीत सिगरेटच्या पाकिटावरचं चकचकीत वेष्टण आलं, कान साफ करायची काडीही आली. फिल्टर तेवढा सुटला.

परतताना गोळ्यांची रिकामी डबी थोटकांसाठी ठेवली. नागपूर येईस्तोवर त्यात सहा जमली. सहा! घरी बायकोनं डबी उघडली, नाक मुरडलं आणि विचारलं, "आता ही टाकायची कुठं?"