हिरवळीला पाणी : किती, केव्हा आणि कसे?

बडोदे शहरातील फतेगंज भागाला लागूनच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा परिसर आहे आणि थोड्याच अंतरावर, विश्वामित्रीच्या काठी, १८७९ साली उभारण्यात आलेली सयाजीबाग आहे. ज्या सयाजीरावांनी प्रजेसाठी ही बाग उभारली, त्यांच्याच कारकिर्दीत शहराच्या पाण्यासाठी आजवा येथील विस्तीर्ण तलाव बांधण्यात आला. बाग आणि तलाव यांचे हे नाते आजही ध्यानी घेण्याजोगे आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते. अशा वेळी हिरवळ राखावी, पण पिण्याच्या पाण्यास तोशीस लागू नये, हे कसे साधावे?

आपल्याकडील हिरवळ बहुधा हरळीची असते. शेतकरी जिला पिकातून उपटून काढतो आणि भाविक जिच्या दूर्वा गणपतीस वाहतो, तीच ही चिवट वनस्पती. तिची मुळे पाण्याच्या शोधात खोल जातात. परंतु रोज थोडे थोडे पाणी शिंपडल्यास ओल वरच्याच थरात राहते, मुळेही तेथेच घुटमळतात आणि एक-दोन दिवस पाणी चुकले की गवत पिवळे पडते. म्हणून पाणी रोज न देता चार-पाच दिवसांच्या अंतराने, पण जमीन वीतभर भिजेल इतके द्यावे.

उन्हाळ्यात आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी साधारणतः पुरेसे होते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हे मोजण्यासाठी हिरवळीवर सपाट बुडाचे चार-पाच रिकामे डबे ठेवून फवारा सुरू करावा आणि डब्यांत किती पाणी किती वेळात साचते, ते पट्टीने पाहावे. शाळेतील विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रयोग होईल.

पाणी पहाटे द्यावे. दुपारी त्यातील बराच भाग वाफ होऊन जातो. सायंकाळी दिल्यास पाती रात्रभर ओली राहून बुरशीचा उपद्रव संभवतो. काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते. तेथे ते वाहू लागताच थांबावे आणि अर्ध्या तासाने उरलेले द्यावे. चालल्यावर पावलांचे ठसे गवतावर तसेच राहिले, किंवा पाती मिटून निळसर-करडी दिसू लागली, की पाण्याची वेळ झाली असे समजावे. पावसाळ्यात पावसाची उघडीप लांबल्याशिवाय पाणी देऊ नये; थंडीत हरळीची वाढ मंदावते, तेव्हा पाणीही कमी करावे. कापणी करताना पात्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग छाटू नये. बुंध्याशी सावली राहिली की ओल टिकते.

आता हिशेब पाहू. शंभर चौरस मीटर हिरवळीस आठवड्याला २,५०० लिटर पाणी लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. त्या प्रमाणाने एवढे पाणी सहा माणसांच्या आठवड्याच्या गरजेहूनही अधिक भरते. म्हणून कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांनी जेवढी खेळण्या-बसण्यास हवी तेवढीच हिरवळ राखावी आणि शक्य तेथे तिला प्रक्रिया केलेले सांडपाणी द्यावे. टंचाईच्या काळात हरळी सुकली तरी खंत करू नये. वरून वाळली तरी तिची मुळे व जमिनीखालील खोडे तग धरतात आणि पहिल्या पावसासरशी ती पुन्हा हिरवी होते. माणसाच्या घागरीला मात्र तेवढी वाट पाहता येत नाही.